जवारीत बांधलेली पाच गाणी

अकोल्याहून गजेंद्र नावाचा तरुण वलगावला आला, तेव्हा तानुबाई मळ्यात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. पेढी नदीच्या अलीकडे तिचं दीड एकर. अर्ध्यात भाजी, बाकीच्यात झेंडू आणि शेवंती. वय पन्नाशी ओलांडलेलं, पण जुडी बांधतानाचे तिचे हात बघत राहावेत असे. मूठ भरली की नेमकी भरली, काडी कमी नाही की जास्त नाही. अमरावतीच्या बाजारात तिची जुडी कोणी सोडून बघत नसे.

"शालिकराम मेहरे इथंच राहतात का?" तरुणानं विचारलं.

तानुबाईनं मान वर केली. "राहत होते. त्याहीले जाऊन पंचवीस वर्सं झाले. तुमी कोन? बँकेचे काय?"

"नाही काकू, मी गाण्याचा."

"गान्याचा?"

त्यानं फोन काढला आणि धुऱ्याच्या बांधावर ठेवला. आधी नुसती खरखर ऐकू आली. मग खंजेरीवर एक थाप. कोणीतरी खाकरलं. आणि मेथीच्या वाफ्यांवरून शालिकरामाचा, तिच्या नवऱ्याचा, आवाज चालत आला.

*पानी देल्लं रे वाफ्याले, वाफा गेला झोपी,*
*शेवंतीच्या डोक्यावर उनाची टोपी...*

तानुबाईनं हात थांबवले नाहीत. ती मेथी उचलत राहिली, मुठीत घेत राहिली, गाणं संपेपर्यंत घेत राहिली. संपलं तेव्हा तिच्या हातात तीन जुड्यांची एक जुडी झालेली होती.

गजेंद्रनं सगळं नीट समजावून सांगितलं. त्याचे आजोबा खुशालराव यांचं अकोल्यात कॅसेटचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत ते खेड्यापाड्यांतल्या गाणाऱ्यांची नमुन्याची गाणी भरून घेत आणि मुंबईच्या कंपन्यांना पाठवत. जमलं तर कॅसेट निघायची. बहुतेकांची निघायची नाही. आता दुकान रिकामं करताना फितीचे जुने स्पूल सापडले होते. शालिकरामाच्या स्पूलवर चार गाणी चांगली निघाली. ती गजेंद्रला इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकायची होती.

"पण डब्यावर नऊ गाण्यांची यादी आहे," तो म्हणाला. "शालिकरामांच्याच अक्षरात. दुसरा स्पूल ओलीनं खराब झाला. वाचू का?"

तो फोनमधला फोटो बघून वाचू लागला. पाण्याचं गाणं. वांग्याचं गाणं. बाजाराचं. पाखरांचं. पाचव्यावर तो थोडा थांबला.

"तानूचं गाणं."

नदीकडून वारा येत होता. झेंडूची झाडं हलत होती.

"तानू म्हणजे तुम्हीच ना, काकू?"

"या घरात दुसरी तानू नाई," ती म्हणाली.

"मग ते पाचवं आणि पुढची चार, तेवढी द्या मला. माझ्या आबाजींनी तीन कॅसेट भरून दिल्या होत्या, तसं डब्यावर लिहिलंय. आहेत ना जपून?"

तानुबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "असतीन. पेटीत असतीन. पाहून ठेवन."

गजेंद्र आनंदानं फोन नंबर लिहून देऊन गेला. तो पांदणीच्या वळणाआड गेला तशी तानुबाई खाली बसली. पेटीत काही नव्हतं. तिनंच त्या कॅसेट फोडल्या होत्या, एकवीस वर्षांपूर्वी, याच वावरात बसून. कशासाठी, ते तिला आठवत होतं. कशाला हात घातला होता, ते मात्र तिला आज कळलं.

शालिकराम पोटासाठी गाणारा नव्हता. गावातल्या भजनात खंजेरी घेऊन बसे, चार लोक मान डोलवत, तेवढंच. पण स्वतःची गाणी त्याला सुचत ती पाणी देताना. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायचं, त्या वेळात त्याची एक ओळ होई. म्हणून त्याच्या ओळी वाफ्याएवढ्या असत. ना लांब, ना आखूड. त्याच्या गाण्यात वांगं कोबीला विचारी, तुझ्या पदराला किती घड्या? आणि कोबी म्हणे, एकेक उकल, मग समजतील खोड्या. बाया हसत. सासरे म्हणत, "पानी पाह्य लेका, तिकडं फुटलं."

घर मोठं होतं. सासू, सासरे, जेठ, जाऊ माणिकबाई. त्या घरात नवऱ्यानं वडीलधाऱ्यांसमोर बायकोचं नाव घ्यायचं नाही, ही रीत होती. शालिकराम तिला "अवं" म्हणे, नाही तर "आयकलं काय?" म्हणे. आठ वर्षांच्या संसारात त्यानं तिला एकदाही तानू म्हटलं नाही. मळ्यात दोघंच असत तेव्हाही नाही. एकदा तिनं विचारलं होतं, इथं कोण ऐकतं आहे? तो म्हणाला, "इथं जिभेले सवय लागली तं घरी निसटन. माय म्हनन, पोरगं बायकोचं झालं."

एक चाल तो नेहमी गुणगुणे. नुसती चाल, बोल नाहीत.

"याले बोल नाईत काय?" तिनं विचारलं.

"हायत ना."

"मंग म्हना."

"ते अकोल्यात हायत," तो म्हणाला आणि हसला. तिला वाटलं, थट्टा करतो आहे.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात तो खंजेरी आणि खुशालरावांसाठी पोतंभर वांगी घेऊन अकोल्याला गेला होता. दोन दिवसांनी परत आला तो आवाज बसलेला आणि तोंड फुललेलं. पेपरात गुंडाळलेल्या तीन कॅसेट त्यानं तिच्या हातात दिल्या. जेठाच्या हातात दिल्या नाहीत, बापाच्या दिल्या नाहीत.

"हे नक्कल हाय. असल अकोल्यात हाय, खुशालरावापाशी. तिथून मुंबईले जाइन." मग इकडं तिकडं बघून म्हणाला, "सवड झाली का आयकजो. एकटीच आयकजो."

कॅसेट लावायची मशीन बैठकीत, सासऱ्यांच्या खाटेशी होती. तिथं सुनेनं बसून नवऱ्याची गाणी ऐकावीत, असं ते घर नव्हतं. आणि तिला तरी घाई कशाची असणार? गाणारा माणूसच घरात होता. सगळी गाणी मळ्यात ऐकलेली आहेत, हे तिनं धरूनच चाललं होतं. पेटीत लुगड्याखाली तिनं कॅसेट ठेवून दिल्या.

मुंबईहून काही उत्तर आलं नाही. त्यानं वर्षभर वाट पाहिली, मग त्याबद्दल बोलणं सोडलं. "आयकलं काय?" असं त्यानं दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ती "आयकन ना" म्हणाली होती. नव्व्याण्णवच्या श्रावणात त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. रागिणी तेव्हा दोन वर्षांची होती.

पुढं सासरे वारले, घर वेगळं झालं. मशीन जेठाच्या वाट्याला गेली. तानुबाईच्या वाट्याला दीड एकर आणि एक भिंत पडलेली खोली आली. पहिल्या वर्षी भाजीला पाणी पुरणार नाही, म्हणून तिनं सगळ्या वावरात जवारी पेरली. जवारी अशी आली की रस्त्यानं जाणारा माणूस थांबावा. आणि दाणे दुधात भरले तशी पाखरं आली. पोपट, चिमण्या, थवेच्या थवे. लोकांकडं गोफण फिरवायला घरची माणसं होती. तानुबाई एका टोकाला ओरडे, तर पाखरं दुसऱ्या टोकाला उतरत. सहा वर्षांची रागिणी डबा वाजवून वाजवून धुऱ्यावरच झोपी जाई.

त्या साली गावात एक नवी तोड निघाली होती. जुन्या कॅसेटची रीळ काढायची आणि कणसांवरून, काठीपासून काठीपर्यंत ताणून बांधायची. उन्हात ती चमके, वाऱ्यात भुणभुण करी, आणि पाखरू जवळ फिरकत नसे. माणिकबाईच्या वावरात अशा रिळा बांधल्या होत्या. तानुबाई तिच्याकडे चार कॅसेट मागायला गेली.

माणिकबाई सूप पाखडत होती. "मले काहून मागतं वं? तुह्या घरी तं पेटीत भरून ठेवल्या नवऱ्यानं. अंडे घालून राहिल्या काय त्या?"

तानुबाई तशीच परतली. घरी येऊन पेटी उघडली. त्याचा आवाज त्यात आहे, हे तिला ठाऊक होतं. ती बराच वेळ त्या हातात घेऊन बसली. मशीन नाही, ऐकायची सोय नाही, आणि असती तरी ऐकायची छाती नाही. शिवाय ही नक्कल होती. असल अकोल्यात होती, जपलेली, सुरक्षित. त्यानंच सांगितलेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दगडानं कॅसेट फोडल्या. तपकिरी रीळ बोटांवर घेऊन ती सबंध दीड एकर फिरली. काठ्या रोवल्या, गाठी मारल्या. दुपारी वारा सुटला तशी सगळी जवारी एका सुरात वाजू लागली. पाखरं आली नाहीत. त्या वर्षी घरात आठ पोती जवारी आली. पावसाळ्यात रिळा तुटल्या, चिखलात गेल्या, बाकीच्या नांगराच्या फाळाला गुंडाळल्या गेल्या.

आता गजेंद्रचा फोन दर चार दिवसांनी येऊ लागला.

"काकू, सापडल्या का?"

"पाहून राहिली बाबू. जुना पसारा हाय."

ती खरंच शोधू लागली होती. नाही हे माहीत असून माणूस शोधतं तसं. माळ्यावर पाहिलं, कणगीत पाहिलं. एक दिवस तर ती विळा घेऊन धुऱ्यावरची बोरीची झुडपं छाटत बसली, एखादा तुकडा काट्यात अडकून राहिला असेल म्हणून. माणिकबाई पलीकडच्या वावरातून बघत होती. ती कुंपणापाशी आली. आता तिचेही गुडघे गेले होते, काठी टेकत आली.

"काय शोधतं वं तानू?"

"काई नाई."

"आयकलं म्या. त्या पोराचं." माणिकबाईनं काठी कुंपणाला टेकवली. "थ्या दिवशी म्याच बोलली होती तुले. याद हाय मले."

"तुमी बोलल्या," तानुबाई म्हणाली. "बांदल्या म्या."

दिवाळीनंतर रागिणी बार्शीटाकळीहून माहेरी आली. तिला गजेंद्रचा थेट फोन गेला होता. आल्या आल्या तिनं चपला काढायच्या आधी विचारलं, "आई, बाबांच्या कॅसेट हायत अन् तू मले कधी सांगतलं नाई?" तिनं पेटी उघडली, उलटी केली, आतला कागद काढून पाहिला. मग ती एकदम थांबली. रिकामी पेटी समोर आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी जुनं येऊन उभं राहिलं.

"मी लहानपनी गाडी करून खेळायची, ते पारदर्शी डबे. फुटके. दोन भोकांचे. आई... ते कोनते होते?"

तानुबाई चुलीपुढं बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"तेच," ती म्हणाली.

रागिणी रडली, पण आईला बोल लावला नाही. सकाळी म्हणाली, "तू फोनवर सांगू नको त्याले. चाल माह्याबरोबर. समोरासमोर सांग."

चार दिवसांनी मायलेकी अकोल्याला गेल्या. खुशालराव चौऱ्याऐंशीचे. भिंतीशी गादीवर बसले होते, कानात यंत्र, पायावर शाल. गजेंद्र पाणी आणायला वळणार, तोच तानुबाई उभ्या उभ्याच बोलू लागली. बसली असती तर बोलता आलं नसतं.

"काकाजी, कॅसेट नाईत. म्या फोडल्या. रिळा काढून जवारीत बांदल्या, पाखरासाठी. बाबूले खोटं सांगतलं म्या, महिनाभर."

गजेंद्रच्या हातातला तांब्या तसाच राहिला. खुशालरावांनी यंत्र नीट बसवलं.

"काहून बांदल्या?"

"थे म्हनत होते, असल अकोल्यात हाय."

म्हाताऱ्यानं गादीवर हात थोपटला. मग म्हणाला, "बस बाई. बस आधी." आणि नातवाकडं न पाहता पुढं बोलला. "गज्यानं तुले सांगतलं असन, दुसरा स्पूल ओलीनं खराब झाला. तसं नाई झालं. म्या पुसला. मुंबईचं उत्तर आलं नाई, एका कीर्तनाचं काम दारात उभं होतं, कोरा स्पूल घरात नव्हता. मनात म्हनलं, शालिकरामापाशी तं हायतच कॅसेट. पुसला, अन् वरून कीर्तन भरलं."

"आबाजी," गजेंद्र म्हणाला, "मला तुम्ही..."

"तुले काय काय सांगू, लेका."

बाहेर रस्त्यावर कांदेवाला ओरडत गेला.

तानुबाईनं हळूच विचारलं, "काकाजी, थे पाचवं गानं, एखादी ओळ याद हाय? तुमच्यासमोरच गायले ना थे?"

खुशालरावांनी डोळे मिटले. रागिणीला वाटलं, आता आठवतील. त्यांचे ओठ हलले, बोटांनी शालीवर ताल धरला, सोडला, परत धरला.

"खोटं नाई बोलनार तुले," ते डोळे न उघडता म्हणाले. "लय लोक गाऊन गेले त्या खोलीत. त्यानं वांगे आनले होते, काटेरी, थे याद हायत. गानं नाई याद."

तानुबाईनं मान हलवली. तिला राग आला नाही. वांगी तिनंच तोडून दिली होती.

मग गजेंद्रनं स्पूलवरचं सगळं पहिल्यापासून लावलं. चारही गाणी झाली. चौथं संपल्यावर तो थांबवायला हात पुढं करत होता, मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "यापुढं थोडं बोलणं आहे. गाणं नाही. मी ते कापणार होतो. ऐकायचंय?"

खंजेरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शालिकराम बोलला, गाण्यातला नव्हे, घरातला, दमलेला, खुशीतला आवाज.

"झालं ना बरोबर? आता पाचवं म्हनतो."

खुशालरावांचा तेव्हाचा खणखणीत आवाज, लांबून: "कोनतं हाय?"

"तानूचं. हे तानूचं हाय." तो हसला. "थांबा, आधी पानी पेतो जरासं."

आणि तिथं फीत संपली.

तानुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, काम संपल्यावर ठेवतात तसे.

"तेवढंच परत लाव," ती म्हणाली.

त्यानं परत लावलं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी खुशालरावांनी कानातलं यंत्र काढून शालीवर ठेवलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

"हे कापू नको, बाबू," तानुबाई म्हणाली. "राहू दे यात."

"ठेवतो. पण मग ऐकणारे विचारतील, पाचवं कुठं आहे. खाली माहितीत काहीतरी लिहावं लागेल." गजेंद्रनं फोनवर टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "'उरलेली पाच गाणी काळाच्या ओघात नष्ट झाली.'"

"काळानं नाई केली."

"काकू, असं लिहायची पद्धत असते."

"झालं तसं लिह्य. बायकोनं फोडल्या, वावरात बांदल्या."

"माह्यंही लिही," म्हातारा भिंतीकडूनच म्हणाला. यंत्राशिवाय त्याला कसं ऐकू गेलं, कोणास ठाऊक.

रागिणीनं आईचा हात धरला. "आई, हे जगभर जाइन. लोक तुले काय काय म्हनतीन."

"म्हनू दे."

"मंग हे तरी लिहा, की त्या वर्सी बाबांच्या आवाजानं आमची जवारी राखली. खोटं नाई ना ते? त्याच जवारीच्या भाकरी खाल्ल्या म्या."

तानुबाईनं तिच्याकडं पाहिलं. पोरगी आईसाठी उशी शोधत होती, हे तिला दिसत होतं.

"जवारी दुसऱ्याही रिळानं राखली असती, बेटा. बाजारात रद्दीत भेटत होत्या. मले तुह्या मोठ्या आईचं, मानिकबाईचं बोलनं झोंबलं होतं. नोको लिहू ते."

गजेंद्र लिहीत राहिला, खोडत राहिला. शेवटी वाचलं, "'उरलेल्या पाच गाण्यांचा स्पूल आमच्या आजोबांनी, खुशालरावांनी पुसला. त्या गाण्यांच्या कॅसेट शालिकरामांच्या पत्नी तानुबाई यांनी अजाणतेपणी फोडून, त्यांच्या रिळा पाखरं राखण्यासाठी जवारीत बांधल्या.'"

"अजानतेपनी म्हंजे?"

"म्हणजे, माहीत नसताना."

"ते काढ."

"काकू, पण तुम्हाला खरंच कुठं माहीत होतं की त्यात तुमचं—"

"माह्यं हाय हे नव्हतं मालूम. त्याहीचं हाय हे मालूम होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "दगड हातात घेतला तवा मालूम होतं. काढ तो शब्द."

गजेंद्रनं आजोबांकडं पाहिलं, रागिणीकडं पाहिलं. त्यानं तो शब्द काढला.

"आता वाच."

त्यानं सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. तानुबाईनं प्रत्येक शब्द ऐकला, मेथीची काडी न् काडी बघावी तसा.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "जाऊ दे आता लोकाइत."